दुसरा हात

पक्षाघातानंतर आई शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी तिला पहिला प्रश्न विचारला, "तुमचं नाव सांगता का?" आणि आई खणखणीत, हजेरी घ्यायच्या आवाजात म्हणाली, "कात्री."

डॉक्टरांनी मान डोलावली. मी "सॉरी" म्हणालो. मी एका कंपनीसाठी दिवसभर फोनवर बसून वॉशिंग मशीनच्या तक्रारी ऐकतो आणि माफी मागतो, त्यामुळे शांतता पसरली की माझ्या तोंडून आपोआप सॉरी निघतं.

आईने मात्र तो शब्द ऐकला होता. आपण काय बोललो ते तिला कळलं, हेच वाईट झालं. तिने ओठ जुळवले, नीट तयारी केली, आणि पुन्हा म्हणाली, "कात्री." मग तिने तोंड मिटलं, ते मिटलंच.

"समजतं त्यांना सगळं," डॉक्टर मला बाहेर घेऊन म्हणाले. "शब्दही आहेत. फक्त कपाट कोसळलंय. हात घालतील तेव्हा भलताच शब्द हाताला लागेल. बोलत राहिल्या, चुकत राहिल्या, तर बरंच काही परत येईल. पण सुरुवातीचे महिने महत्त्वाचे. गप्प बसल्या तर मग कायमच्या गप्प."

"चुकत राहायचं?" मी विचारलं.

"हो. भरपूर."

मी म्हटलं, डॉक्टर, तुम्ही माझ्या आईला ओळखत नाही.

आईने उभी हयात प्राथमिक शाळेत शिकवलं. गल्लीतलं शेंबडं पोरही तिला बाई म्हणतं. मलाही शाळेत तिला आई म्हणायची बंदी होती, कारण वर्गात सगळे सारखे. पोरगा दिवसा बाई म्हणून आणि संध्याकाळी आई म्हणून गोंधळतो, हा मुद्दा तिने विचारात घेतला नव्हता. एकदा मी जेवताना "बाई, भात वाढा" म्हणालो, तेव्हा ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात "आई, पेन्सिल" म्हणालो, तेव्हा पट्टी बसली.

पट्टीचा कायदा सोपा होता. चूक झाली की चुकणाऱ्याने न सांगता हात पुढे करायचा. फटका बसला की विषय संपला, त्या चुकीबद्दल बाई पुन्हा चकार शब्द काढायच्या नाहीत. मात्र पुढे केलेला हात फटक्याशिवाय मागे घ्यायचा नाही. पोरं हुशारीने डावा हात काढायची. बाई वहीतून मान वर न करता म्हणायच्या, "दुसरा."

एकदा मी धीर करून म्हणालो होतो, "बाई, उजवा लिहायचा आहे."

"तू करतोस त्याला लिहिणं म्हणत नाहीत," बाई म्हणाल्या. "दुसरा."

घरी माझं नाव 'ढ' पडलं तेही तेव्हाच. बाकीची सगळी अक्षरं काळाप्रमाणे वळणं बदलत आली, एकटा ढ हजारो वर्षं होता तसाच राहिला, असं ती वर्गाला सांगायची आणि माझ्याकडे बघायची. माझी ताई त्याच वर्गातून पहिल्या नंबराने पास होऊन थेट दुसऱ्या देशात गेली. मी जिथे होतो तिथेच राहिलो, अक्षराला जागलो.

तर अशा बाईला आता चुकायला शिकायचं होतं, आणि तेही पहिल्यापासून.

आठवड्यातून दोनदा एक मुलगी यायला लागली. तिचं काम आजारी माणसांना पुन्हा बोलायला शिकवायचं. तिच्या पिशवीत चित्रांची कार्डं असायची, म्हणून मी तिला कार्डवाली म्हणायचो. कार्डवाली गोड होती आणि तिच्याकडे कौतुकाचा अमर्याद साठा होता. आईने डोळे उघडले की ती म्हणायची, "छान!" आई खोकली तरी, "खूप छान!" आईने नोकरीत कुणालाही छान म्हटल्याचं ऐकिवात नाही. तिच्याकडून मिळालेली सर्वांत मोठी पदवी म्हणजे 'ठीक', तीही ताईला.

"आजी, हे काय आहे?" कार्डवालीने मांजराचं चित्र धरलं.

आजी या शब्दावरच आईचा चेहरा उतरला होता. त्यात ते मांजर कुणीतरी घाईत काढलेलं, कान सशाचे.

"चुकलं तरी चालेल हं, आजी."

आईने तिच्याकडे असं पाहिलं, जणू ती म्हणाली होती, खिडकीतून उडी मारली तरी चालेल. मग धडधाकट डाव्या हाताने तिने मांजर उचललं आणि पालथं घातलं. मग कप पालथा घातला. मग छत्री, खुर्ची, केळं. सगळी कार्डं पालथी घालून ती भिंतीकडे वळली.

"छान," कार्डवाली म्हणाली, जरा हळू.

उजवा हात आईच्या अंगावर नुसता ठेवल्यासारखा पडलेला असायचा. चिमटा काढला तरी त्याला पत्ता लागत नसे. डाव्या हाताने लिहायचा सराव करायला सांगितलं होतं. मी फोनवर असलो की ती पाठ वळवून पाटीवर रेघा ओढायची. मी जवळ गेलो की पुसून टाकायची. एकदा पुसायच्या आत मी पाहिलं. जिचं अक्षर फळ्यावरून पुसायला शिपायाला जिवावर यायचं, तिच्या पाटीवर कोंबडीचे पाय होते. तिने पाटी पोटाशी धरली आणि मान फिरवली. मी कोंबडी पाहिली नाही असं दाखवलं.

ताईचा व्हिडिओ कॉल यायचा तेव्हा आई झोपेचं सोंग घ्यायची. "तू बोलतं कर ना तिला," ताई म्हणायची. "तू घरीच असतोस ना."

"प्रयत्न चालू आहे."

"कसला प्रयत्न? नुसता बसून असशील."

आमच्या घराण्यात टोमणा वारसाहक्काने मुलीकडे जातो.

असे बरेच दिवस गेले. घरात फक्त मीच बोलत होतो, तेही वॉशिंग मशीनशी. मग एका सकाळी एक गिऱ्हाईक फोनवर चिडलं होतं. मशीनचा ड्रम आठ आठवड्यांनी येणार म्हणजे नेमका किती दिवसांनी, ते त्याला हवं होतं. मी म्हणालो, "एक मिनिट हं सर. आठ साते चोपन्न. चोपन्न दिवस, सर."

"छप्पन्न!" मागून आवाज आला. "अक्कल गहाण ठेवलीस का?"

माझ्या हातून फोन पडला. गिऱ्हाईक खाली फरशीवरून म्हणालं, "कोण बोललं?"

आई पलंगावर बसली होती आणि आपल्याच तोंडाकडे, म्हणजे तोंड जिथे असतं त्या दिशेला, अविश्वासाने बघत होती.

कार्डवालीने मला समजावलं. पाढे, आकडे, शिव्या, रोज घोकलेल्या गोष्टी मेंदूत वेगळ्या जागी असतात. तो कोपरा शाबूत राहिलाय. "तिथून सुरुवात करता येईल," ती म्हणाली. "पण बाहेर काढायचं कसं? आजी मुद्दाम म्हणा म्हटलं तर म्हणणार नाहीत."

"ते माझ्यावर सोडा," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे एखाद्या कामाची पात्रता होती.

दुसऱ्या दिवसापासून मी चुकायला लागलो. आठ त्रिक बावीस. ("चोवीस! कान कुठे चरायला गेलेत?") फेब्रुवारीनंतर एप्रिल. ("मार्च! मार्च तुझ्या मामाने नेला का?") दारावर मी पाटी लावली, 'कृपया चपला बाहेर काडाव्यात'. त्या एका ड वर आईने जवळजवळ मिनिटभर न थांबता भाषण केलं. त्या आनंदात मी दारामागे जाऊन डोळे पुसले. निदान तसं म्हणायला हरकत नाही. शिवीगाळ ऐकून डोळे पुसायची मला जुनी सवय आहे.

शेजारचे काका पाटी वाचून आत आले. काका लिफ्ट दुरुस्त करायचे, आता निवृत्त होते आणि त्यांना कुठेही वर-खाली जायचं नव्हतं.

"अरे, बाई बोलायला लागल्या?"

"चुकलं की बोलते," मी म्हणालो. "करून बघा."

काकांनी घसा खाकरला. "बाई, सहा नव्वे पन्नास."

"चोपन्न! म्हशीला पाठ झाले असते एव्हाना!"

"वा!" काका खुर्ची ओढून बसले. "काय आवाज लागलाय! सात नव्वे सत्तर!" आणि मग ते रोज येऊ लागले. त्यांची बायको गेल्यापासून त्यांच्यावर कुणी ओरडलं नव्हतं, असं ते म्हणाले.

पहिल्या काही दिवसांनंतर मला मुद्दाम चुकायची फारशी गरज पडेना, कारण तेरापासून पुढचे पाढे मला खरोखरच येत नव्हते. आईच्या गालांवर रंग आला. मात्र तिला पाणी हवं असलं तर ती अजूनही तांब्याकडे बोट करायची. "पाणी म्हण," असं मी म्हटलं की ओठ मिटायचे. हजारो शब्द तोंडातून धबाधबा पडत होते, आणि त्यातला एकही तिला हवा तेव्हा हाताला येत नव्हता.

"हे बोलणं नाही," कार्डवाली म्हणाली. तिच्या छान-छानचा साठा संपत आला होता. "ही रेकॉर्ड आहे. त्यांनी स्वतः शोधून एक शब्द काढायला हवा. चुकीचा निघाला तरी. चुकीचाच निघणार आधी."

मला एव्हाना रेकॉर्ड तोंडपाठ होती. काही वाक्यं मी लहानपणी ऐकली असं मला वाटायचं, पण ती आपणच बनवली असावीत अशीही आशा होती. ती सगळी खरी निघाली. "तुझ्यापेक्षा खुर्ची बरी, निदान बसायच्या कामाला येते." हेही खरं निघालं.

मग एके दुपारी मला एक खुळी कल्पना सुचली. आदल्या दिवशी मी तेराचा पाढा पाठ केला होता. गंमत म्हणून. पलंगाशी उभा राहिलो, हात मागे बांधले आणि म्हणायला लागलो. तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस, असं करत करत तेरा नव्वे एकशे सतरा, तेरा दाहे एकशे तीस. एकही चूक नाही. शेवटी थांबलो.

आई माझ्याकडे बघत होती. ओठ जरा हलले. कोपऱ्यातल्या त्या शाबूत कपाटात ती काहीतरी शोधत होती. सगळे खण उघडून बघत होती असं वाटलं. पण जे तिथे कधी ठेवलंच नव्हतं ते सापडणार कुठून? थोड्या वेळाने तिने तांब्याकडे बोट केलं.

मी पाणी दिलं. खुर्ची असती तर एवढंही झालं नसतं.

सगळं फिसकटलं ते काकांमुळे. त्या दिवशी ते जरा जास्तच रंगात होते. मी म्हणालो, "पाच साते तीस," आणि आई "पस्तीस" म्हणून माझ्या सात पिढ्यांवर, म्हणजे स्वतःच्याच सासरच्यांवर घसरली, तेव्हा काका मांडीवर थाप मारून म्हणाले, "बाई, पोरगं तुमचं भारी नाटकी हो! मुद्दाम चुकतं आणि तुम्हाला बोलतं करतं!"

मी काकांच्या पायावर पाय दिला. उशीर झाला होता.

आईने माझ्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, दारावरच्या 'काडाव्यात' कडे पाहिलं. वर्गातल्या सगळ्या पोरांनी मिळून बाईंची चेष्टा केली होती. तिला खोटं खोटं शिकवायला लावलं होतं. तिने डोळे मिटले.

"माझं काय चुकलं?" काका जिन्यात म्हणाले.

"सहा नव्वे," मी म्हणालो.

त्यानंतर मी आठ साते बाराही म्हणून बघितलं. काही नाही. छप्पन्नही गेले.

पुढच्या वेळी कार्डवाली आली, पिशवी न उघडताच बसली आणि मला म्हणाली, "मी आता यायचं थांबवते. राग नाही. पण त्या नकोच म्हणतायत, आणि वेळ निघून चाललाय. माझ्यासाठी थांबलेले दुसरे पेशंट आहेत. त्यांना चुकायचंय." जाताना तिने एक कार्ड ठेवलं. पाण्याचा ग्लास. "रोजचं आहे. निदान हे जमलं तर बघा."

ती गेली. उन्हं खोलीभर आली होती. आईने तांब्याकडे बोट केलं.

मी ग्लास भरला आणि माझ्या खुर्चीशेजारी, तिच्या हाताच्या पल्ल्याबाहेर ठेवला.

"म्हण," मी म्हणालो. "मग देतो."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. ही पद्धत तिच्या ओळखीची होती. आठाचा पाढा होईपर्यंत मला बाहेर खेळायला सोडायचं नाही, हा नियम तिचाच होता. त्या वर्षी मी फारसा बाहेर गेलो नाही.

"मी आता चुकणार नाही," मी म्हणालो. "माझं झालं चुकून. तुझी पाळी."

फोन वाजला, मी उचलला नाही. तिने ओठ चाटले. कोरडे होते. तिने पुन्हा बोट केलं, मी मान हलवली. खोटं कशाला बोलू, मला थोडी मजाही वाटत होती. बाई इतकी वर्षं याच जोरावर शाळेत जात असणार.

बराच वेळ गेला. मग तिने मान ताठ केली, डोळे ग्लासावर रोखले, सगळ्या अंगाने जोर लावला. तिच्या कपाळावरची शीर मला दिसत होती. आणि ती म्हणाली, "कात्री."

"अक्कल गहाण ठेवलीस का?" मी म्हणालो.

मी म्हणालो असं म्हणतो, पण आवाज माझा नव्हता. सूर, झटका, शेवटच्या 'का' वर टाचणी टोचल्यासारखा थांबा, सगळं तिचं. रेकॉर्ड माझ्यातही वाजत होती.

मी ग्लास उचलून पुढे झालो, सॉरी तोंडाशी आलं होतं. पण तिने ग्लासाकडे बघितलंच नाही. डाव्या हाताने तिने मांडीवरचा उजवा हात उचलला, मेलेलं काही उचलावं तसा, मनगटाला धरून. त्याची बोटं एकेक करून उलगडली. आणि तळवा माझ्यापुढे धरला.



ज्या हाताला काही लागणार नव्हतं, नेमका तोच हात तिने काढला होता. सगळी पोरं करतात ती लबाडी. आणि माझ्या तोंडून, देवाशप्पथ, माझी इच्छा नसताना निघालं, "दुसरा."

आईने मान हलवली. नाही. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले.

"डावा…" ती म्हणाली. थांबली. शोधलं. "डावा… लिहायचा."

वाक्यातलं 'आहे' गळलं होतं. बाईंनी अर्धा गुण कापला असता. पण ती रेकॉर्ड नव्हती. ते वाक्य तिच्या कपाटात तिचं म्हणून नव्हतंच कधी, ते माझं होतं. तिने ते माझ्याकडून उचललं होतं.

तिने हात मागे घेतला नाही. मी ग्लास तिच्या ओठांना लावायला गेलो तर तिने तोंड फिरवलं. फटक्याशिवाय हात मागे घ्यायचा नाही. फटका बसला की विषय संपला, आणि बसल्याशिवाय संपत नाही. कार्डवालीचं 'चुकलं तरी चालेल' तिला कधीच कळणार नव्हतं. तिला चुकायची परवानगी नको होती, किंमत चुकती करायला हवी होती. तिच्या शाळेत दुसरी रीत नव्हती.

पट्टी कुठे होती ते मला माहीत होतं. मी ती आणली नाही. मी ग्लासाचं कार्ड घेतलं आणि तिच्या तळव्यावर हलकेच मारलं.

तिला काहीच लागलं नाही. तिने डोळ्यांनी पाहून खात्री केली, हात खाली ठेवला, पाणी प्यायली. मग कार्डाकडे बघून म्हणाली, "नळ."

"नाही."

हात वर. मी मारलं. हात खाली.

"ओलं."

"जवळ आलीस. नाही."

हात वर.

"ताट." हात. "तहान." हात. "कात्री." तिलाच राग आला, हात जरा उंच धरला. मी जरा जोरात मारलं. माझे डोळे वाहत होते आणि हाताला लय सापडली होती. त्या दोन्ही गोष्टी एकमेकींच्या आड येत नव्हत्या.

त्याच वेळी दारात काका उभे राहिले. हातात सफरचंदांची पिशवी, माफी मागायला आले असावेत. त्यांनी पाहिलं ते असं, की आई लुळा हात पुढे धरून बसलीय आणि मुलगा तिला कार्डाने झोडतोय.

"अरे!" काकांच्या हातातली पिशवी खाली आली. "आईला मारतोस? लाज नाही वाटत?"

"शिकतेय ती," मी म्हणालो.

"बाई!" काका तिच्याकडे वळले. "बाई, मी कुणाला बोलावू का? सांगा तुम्ही!"

आईने त्यांच्याकडे पाहिलं. तास चालू असताना वर्गात घुसणाऱ्या माणसाकडे ती नेहमी बघायची तसंच. काकांना हाकलायची तिच्या रेकॉर्डवर निदान चार तयार वाक्यं होती, आणि चारही मला पाठ होती. तिने त्यातलं एकही वापरलं नाही. ती शोधत होती. आम्ही दोघं थांबलो.

"दार," ती म्हणाली. "दार… कात्री."

आणि काका बघत असतानाच तिने उजवा हात उचलला, बोटं उलगडली, आणि तळवा माझ्यापुढे धरला.